योजनेचा बेड

आरोग्य योजनेच्या कार्डाचं शिबिर आमच्या गावात झालं, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगितलं की कार्ड घेईन, पण फोटो काढू देणार नाही. आमचा उपसरपंच उमाकांत हा माझ्या चुलतदिराचा मुलगा. मोबाइल उगारून तो माझ्यासमोर उभा होता.

"काकू, फोटोले काय पैसा पडस? कार्ड धरा नि हासा जराक."

"आधी काम व्हऊ दे," मी म्हटलं, "मंग हाससू."

मांडवातले लोक हसले. धनुबाई म्हणजे भांडकुदळ बाई, हे गावानं कधीच ठरवून टाकलंय आणि मला त्याचं काही वाटत नाही. गावच्या अंगणवाडीत माझं अर्धं आयुष्य गेलं. सुकडीची पाकिटं आली, बंद झाली. वजनकाटे आले, बिघडले, तसेच पडून राहिले. योजना येते तेव्हा मांडव असतो, खुर्च्या असतात, चहा असतो. ती आटते तेव्हा सांगायलासुद्धा कोणी येत नाही, आणि रिकाम्या हातानं पोरांच्या आयांपुढे उभं राहायची पाळी माझ्यासारखीवर येते. म्हणून माझा कार्डावर राग नव्हता, पण विश्वासही नव्हता.

तालुक्याहून आलेले साहेब मात्र छान बोलले. म्हणाले, पूर्वीची योजना फक्त गरिबांची होती, आता सुधारणा झाली, आता सगळ्यांना कार्ड. लाखांचे उपचार, खाजगी दवाखान्यातसुद्धा. शेवटी म्हणाले, "यापुढे आजारपणात कोणापुढे हात पसरायची गरज नाही."

या वाक्याला टाळ्या पडल्या आणि माझं डोकं तिथेच फिरलं. आमच्या गावात आजारपणात कोणी कोणापुढे हात पसरतच नव्हतं. गावातलं माणूस दवाखान्यात पडलं की टेम्पो ठरायचा. गल्लीच्या गल्ली पाहायला जायची. बायका भाकरी बांधून घ्यायच्या. सगळे खाटेभोवती बसायचे, तेच तेच प्रश्न विचारायचे, डॉक्टरला नावं ठेवायचे आणि निघताना घडी केलेली नोट पेशंटच्या मुठीत नाहीतर उशाखाली सरकवायचे. कोण किती देतो हे कोणी विचारत नसे. आज त्याची पाळी, उद्या आपली. दवाखानेवाले वैतागायचे, पण पाहायला न जाणं म्हणजे संबंध तोडणंच. लग्नाला गेलं नाही तर माफी मिळेल, दवाखान्यात गेलं नाही तर नाही.

मी उठून साहेबांना विचारलं, "कार्ड डॉक्टरचे पैसे भरेल. पेशंटजवळ बसणार कोण?"

साहेब हसले. "आजी, दवाखान्यात गर्दी केली की संसर्ग होतो. लोकांनी गर्दी टाळलीच पाहिजे."

पुन्हा टाळ्या पडल्या आणि मी खाली बसले.

मिरचीचा हंगाम सुरू झाला आणि भटूचा अपघात झाला. भटू माझा पुतण्या, सख्ख्या धाकट्या दिराचा मुलगा. दीर-जाऊ दोघं गेल्यावर तो माझ्याच घरात वाढला. जमीन नावापुरती, म्हणून दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो. गावोगावची लाल मिरची ट्रॉलीत भरून नंदुरबारच्या बाजारात पोचवायची, हे त्याचं हंगामातलं काम. त्या दिवशी ट्रॉली जोडायला तो ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये उभा राहिला, ट्रॉलीच्या चाकाखालचा दगड निसटला आणि भरलेली ट्रॉली त्याच्या मांडीवर आली. मांडीचं हाड मोडलं.

रुग्णवाहिका आली तेव्हा उमाकांतनंच रुबाबात सांगितलं, "सरकारीमा कसाले न्यातस? आते कार्ड शे. खाजगीमा न्या."

आम्ही नंदुरबारच्या खाजगी दवाखान्यात नेलं. गेटवरच योजनेची मोठी पाटी होती. आत योजनेची वेगळी खिडकी, खिडकीत भाग्येश नावाचा तरुण. स्वभावानं चांगला होता, खोटं सांगणार नाही. त्यानं कार्डाचा नंबर टाकला, भटूचा अंगठा घेतला आणि म्हणाला, "पात्र आहेत." भटूच्या बायकोनं, रूपालीनं, तिथेच देवाला हात जोडले.

"पण बेड नाही," भाग्येश म्हणाला.

"म्हणजे?"

"योजनेचे बेड भरलेत. वेटिंगवर नाव घेतो. बेडवर नाव चढलं की मंजुरीला पाठवतो. मंजुरी आली की ऑपरेशन."

त्याच्या मागचं दार उघडं होतं. आत हिरव्या चादरी घातलेल्या खाटा ओळीनं रिकाम्या दिसत होत्या. मी बोट दाखवलं. "मग त्या कोणासाठी?"

तो जरा खाली बघून म्हणाला, "त्या रोखीच्या."

रोखीची खाट आणि योजनेची खाट. दोन्ही लोखंडाच्याच होत्या. मी नीट बघून घेतलं, चादरही सारखीच होती. पण एकीवर कार्ड चालत होतं आणि दुसरीवर नाही. ज्या सुधारणेचं साहेबांनी तासभर कौतुक केलं, ती त्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबली होती.

भटूला जिन्याखालच्या बोळात एका अरुंद खाटेवर ठेवलं, पायाला वजन बांधलं आणि दुखणं दबावं म्हणून सुई दिली. मोठे डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, "लवकर करायला हवं. हाड तसंच जुळायला लागलं तर पाय आखूड राहील. ट्रॅक्टर विसरा मग, क्लच दाबता येणार नाही."

"मग करा ना लवकर," मी म्हटलं.

"बेड मिळू द्या," असं म्हणून ते निघून गेले.

बोळात आमच्या आधीपासून आणखी एक खाट होती. तिच्यावर मोतीबाई, आणि खाटेशी जमिनीवर तिचा नवरा वाहरू. धडगावच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची माणसं. लाकडाची मोळी घेऊन उतारावरून येताना मोतीबाई घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. पाड्यावरच्या चौघांनी तिला झोळीत घालून सडकेपर्यंत आणलं, पुढे जीप. त्यांच्याकडेही कार्ड होतं. वाहरूनं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं होतं. त्यांनाही वेटिंगच सांगितलेलं, आणि वेटिंगवर त्यांचं नाव आमच्या वर होतं.

मोतीबाई कण्हत नव्हती. दात आवळून छताकडे बघत पडलेली असायची. शहरभर मिरचीचा ठसका भरलेला, वाऱ्यानं बोळातही यायचा. सगळे शिंकायचे. मोतीबाईला शिंक आली की दुखऱ्या खुब्याला हिसका बसायचा आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मला ते बघवत नसे. मी माझ्या लुगड्याचा जुना तुकडा भिजवून तिच्या नाकावर धरायला दिला. तिची बोली मला येत नव्हती. माझी अहिराणी ऐकून ती हसायची. वाहरू आश्रमशाळेत शिकलेला, म्हणून त्याच्याशी मराठीत बोलता यायचं.

पण त्याचाही मला राग यायचा. तो खिडकीशी जायचा, "बेड?" एवढंच विचारायचा आणि मान हलवून परत यायचा.

"अरे, भांड ना त्यांच्याशी!" मी एकदा चिडून म्हटलं. "कार्ड आहे ना तुझ्याकडे? असा काय मुकाट येऊन बसतोस?"

तो बिडी हातात नुसती फिरवत म्हणाला, "मावशी, भांडायला माणसं लागतात. आमची माणसं ऊसतोडीला गेली, गुजरातेत बारडोलीकडे."

  

आमची माणसं मात्र ऊसतोडीला गेली नव्हती. ती गावातच होती, गाडीनं तासाभराच्या आतल्या अंतरावर, आणि तरी कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी दूध डेअरीचा सेक्रेटरी तेवढा आला. त्याचं बाजारात काम होतं, म्हणून वाटेत डोकावला. केळी ठेवली आणि उभ्यानंच म्हणाला, "आते काय चिंता शे काकू? कार्ड शे ना. निवांत ऱ्हा." भटूनं सवयीनं हात पुढे केला होता. सेक्रेटरीनं तो नुसता दाबला आणि निघून गेला. भटूनं मूठ उघडून बघितली आणि हळूच चादरीखाली घेतली. पोराच्या त्या रिकाम्या मुठीनं मला जेवढं दुखलं, तेवढं भाग्येशच्या "बेड नाही"नंसुद्धा दुखलं नव्हतं.

मी उमाकांतच्या बायकोला फोन केला. ती म्हणाली, "काकू, येवाना व्हता आम्ही. पन साहेब सांगी गयात ना, गर्दी करू नका. नि पैसा ते सरकार भरी ऱ्हायनं."

म्हणजे कार्डानं अजून एक टाकासुद्धा घातला नव्हता आणि गावानं हात आखडूनही घेतले होते. लोक वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटलं होतं की आता आपली गरज उरली नाही. मांडवात टाळ्या वाजवून सांगितलेली गोष्ट त्यांनी मनापासून खरी मानली, एवढीच त्यांची चूक.

त्या संध्याकाळी रूपालीनं गळ्यातली सोन्याची पोत काढून माझ्यासमोर धरली.

"काकू, हाई ठेवी देवूत. पैसा भरूत नि रोखीना बेड लेवूत."

"गळामा घाल ती," मी म्हटलं. "ज्यासनी मांडव टाकीसन कार्ड दिधं, त्यासनाकडूनच बेड लेसू."

"तुमनी जिद्दमा मन्हा मालकना पाय जाई ना काकू, ते मी तुमले कधी माफ करनार नही!"

रूपाली लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्याशी वर मान करून बोलली नव्हती. ती ओरडली आणि बोळातली सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली. भटूनं तोंड भिंतीकडे केलं.  तिचं चुकत नव्हतं. पोत गेली असती तर पाय वाचला असता. पण पोत एकदाच ठेवता येते. पुढच्या वेळी काय ठेवायचं? आणि ज्यांच्याकडे पोतच नाही त्यांनी? मी मोतीबाईच्या गळ्याकडे बघितलं. मण्यांच्या माळा होत्या. त्या कोणी गहाण घेतल्या नसत्या.

"माले सकायना दिन दे," मी रूपालीला म्हटलं. "सकाय बेड नही मियना ते पोत मी सोता ठेवी येसू."

पहाटेच्या पहिल्या गाडीनं मी गाव गाठलं. घरी गेलेच नाही, सरळ डेअरीवर गेले. सकाळी सगळं गाव तिथेच सापडतं. कॅन घेऊन माणसं रांगेत उभी होती, उमाकांतही होता. मी पायरीवर चढले आणि म्हटलं, "टेम्पो काढा रे. भटू मरी गया."

कॅनचा खडखडाट थांबला. कोणाच्या तरी हातातलं दूध सांडलं. म्हातारा माधवतात्या मटकन खाली बसला. उमाकांत पांढराफटक पडला आणि लगेच खिशातून मोबाइल काढून टेम्पोवाल्याला लावायला लागला.

मी त्यांना तेवढा वेळ दिला आणि मग बोलले.

"नही मरेल. जित्ता शे. जिनाखाले पडेल शे, बेड नही म्हनीसन. पन दखा, मरी गया म्हनताच टेम्पो निंघना! मयतले कार्ड चालस नही, म्हनीसन मयतले तुम्ही बठ्ठा येतस. नि जित्ता मानूसले कार्ड शे म्हनीसन कोनी दखाले बी येस नही!"

मग जो गोंधळ उडाला तो सांगण्यासारखा नाही. तात्या मला शिव्या घालायला लागला, आणि त्या मी निमूट ऐकून घेतल्या, कारण त्या मला लागूच होत्या. जिवंत पोराला मेला म्हणणारी मी कैदाशीण. पण शिव्या देता देताच तात्या उठला, कॅन बाजूला सारला आणि म्हणाला, "चला रे. दखू द्या माले, कोन बेड देस नही ते."

"काकू, साहेब सांगी गयात, गर्दी..." उमाकांतनं तोंड उघडलं.

"साहेबले फोन लाव," मी म्हटलं. "इचार त्यासले, बेड कोठे शे."

उमाकांतनं खरंच फोन लावला. पुन्हा लावला. मग फोन खिशात टाकला आणि टेम्पोत पुढे बसला. त्यानंतर साहेबांचं नाव त्यानं काढलं नाही.

दवाखान्याच्या गेटवर आमचा टेम्पो उभा राहिला तेव्हा वॉचमननं "पास कोठे शे?" असं विचारून बघितलं, पण तोवर बायका आत शिरल्या होत्या. भाकऱ्या, ठेचा, कांदे, घागरीत पाणी, सगळं बरोबर होतं. कोणी ओरडलं नाही, कोणी घोषणा दिली नाही. आम्ही पाहायला आलो होतो आणि पाहायला आलेली माणसं जशी बसतात तशी बसलो. बोळात, जिन्यावर, खिडकीसमोर, रोखीच्या वॉर्डच्या दारात. ज्यांना पैसे भरायचे होते त्यांना आमच्यावरून ओलांडून जावं लागत होतं. म्हातारीकोतारी माणसं प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "आम्हना भटूले कार्ड शे, पन बेड नही." तात्यानं हे मोठ्या डॉक्टरांनाही सांगितलं. दोनदा.

मॅनेजर आला. त्यानं आधी पोलिसांची भाषा केली.

"बलाव," मी म्हटलं. "त्यासलेबी कार्ड दिधं व्हई सरकारनी. त्यासले बी दखू दे कसं चालस."

मग तो आत गेला आणि दार लावून बराच वेळ बोलत बसला. उन्हं उतरायला लागली तेव्हा तो हसत बाहेर आला. आता मी "मावशी" झाले होते.

"मावशी, एक बेड मोकळा झाला बघा. तुमच्या पेशंटला लगेच आत घ्या. मंजुरीचं मी बघतो."

रूपाली विजेसारखी उठली. तिनं आणि दोघा पोरांनी भटूच्या खाटेला हात घातला. बायका देवाचं नाव घ्यायला लागल्या. उमाकांतनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी भाग्येशकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो जिन्याखालच्या दुसऱ्या खाटेकडे बघत होता.

"वेटिंगवर पहिलं नाव कोणाचं आहे?" मी त्याला विचारलं.

 मॅनेजर म्हणाला, "त्यांचं नंतर करू, मावशी. त्यांची तक्रार नाही काही."

वाहरू उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पुढे काय होणार हे त्याला आधीच माहीत असल्यासारखा तो बाजूला झाला, भटूची खाट नेता यावी म्हणून मोतीबाईची पिशवी पायानं आत सरकवली. हे मला सहन झालं नाही. त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"खाट खाली ठेवा," मी म्हटलं.

"काकू!" रूपाली किंचाळली.

"दोन बेड लागतस. एक लेवाना नही."

उमाकांत कानाशी आला. "काकू, देव पावना. आते वाद नका वाढाऊ. त्या आपला कोन शेत?"

आणि भटू, इतका वेळ दुखणं सोसत गप्प पडलेला भटू, कोपरावर उठून ओरडला, "काकू, हाऊ पाय मन्हा शे! तुन्हा नही!"

खरं होतं. पाय त्याचा होता. वय त्याचं होतं, बायको त्याची होती आणि हिंमत दाखवत होते मी, दोन धड पायांवर उभी राहून.  पण मी त्याच्याजवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"तुन्हा शे म्हनीसनच सांगस. हाऊ बेड मोकया नही व्हयेल, भटू. हाऊ मोतीबाईना शे. तिना मांगे मानसे नहीत म्हनीसन तुले दी ऱ्हायनात. तुन्हं ऑपरेशन सकाय. आज राते कोनी दुसरा दोन टेम्पो भरीसन ऊना, ते तुले बी असाच उचलीसन बाहेर ठेवतीन. तवय काय सांगशी? आम्हना नंबर पहिला व्हता म्हनशी?"

 तात्या आधी खाली बसला. मग त्याच्याशेजारी त्याची सून बसली. हळूहळू सगळे पुन्हा आपापल्या जागी बसले. रूपाली भटूच्या खाटेच्या कडेला टेकली, तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. पण तिनं खाट सोडली.

मॅनेजरचं हसू गेलं. "एकच आहे, सांगितलं ना."

"आत ओळीनं आहेत," मी म्हटलं. "चादर काढा आणि दुसरी घाला, म्हणजे योजनेचा होईल."

भाग्येश पहिल्यांदा हसला आणि पटकन तोंड फिरवलं.

आम्ही भाकऱ्यांची गाठोडी सोडली. ठेच्याचा वास रोखीच्या वॉर्डात पार आतपर्यंत गेला. बायकांनी मोतीबाईला भरवलं, वाहरूला हातात भाकरी दिली. तो खाली मान घालून खात राहिला. आमचं जेवण उरकायच्या आत दोन बेड झाले. चादरीसुद्धा बदलल्या नाहीत. आधी मोतीबाईची खाट आत गेली, तिच्यामागे भटूची. मंजुरी येते की नाही म्हणून आम्ही तिथेच थांबलो, आणि भटूची मंजुरी त्याच संध्याकाळी आली. एवढे दिवस जी मागायलाच तयार नव्हते ती!

मंडळी रात्रभर तिथेच राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भटूचं ऑपरेशन झालं. मांडीत सळई घातली. मोठे डॉक्टर म्हणाले, वेळेत झालं, पाय सरळ राहील, पुढच्या हंगामात ट्रॅक्टरवर बसेल. रूपाली माझ्या गळ्यात पडून रडली आणि रडता रडताच म्हणाली की तिला माझा राग अजून आहे. मी म्हटलं, राहू दे. पाय वाचला, आता पाहिजे तेवढा राग कर.

मोतीबाईचं त्या दिवशी झालं नाही. तिच्या अंगात रक्त कमी निघालं. आधी रक्त चढवायचं, मग उद्या ऑपरेशन. भाग्येशनं तिचीही मंजुरी आल्याचं मला स्वतः येऊन सांगितलं.

भेटीची वेळ संपत आली तशी गावाची मंडळी उठली. दोन दिवस गुरं दुसऱ्यांच्या भरवशावर होती. टेम्पो गेटशी लागला. उमाकांत खूश होता. आता हे सगळं कार्डामुळेच झालं, असं तो कोणाला तरी फोनवर सांगत होता. मी ऐकलं आणि मनात म्हटलं, हो रे बाबा, कार्डामुळे. कार्ड हा हक्क आहे म्हणतात. पण टेम्पोभर माणसं आणल्याशिवाय जो मिळत नाही, त्याला मी हक्क म्हणणार नाही, त्यांनी गावोगाव कितीही मांडव टाकले तरी.

मी पिशवी उचलली. वॉर्डच्या दारात वाहरू उभा होता.  मला वाटलं, आभार मानेल.

"मावशी," तो म्हणाला, "तुमची गाडी गेली की आम्हाला परत जिन्याखाली ठेवतील का?"

माझ्याकडे सगळ्यांसाठी उत्तर असतं. साहेबांसाठी होतं, मॅनेजरसाठी होतं, भटूसाठीसुद्धा होतं. या माणसाला "नाही" म्हणायला माझी जीभ वळेना, कारण खरं काय ते त्याला माझ्याइतकंच कळत होतं.

मी गेटशी गेले आणि उमाकांतला म्हटलं, "तुम्ही निंघा. सकाय टेम्पो लई ये, नि मोकया आनू नको."

"आते काय ऱ्हायनं काकू? भटूनं व्हई गयं ना."

"मोतीबाईनं नही व्हयेल."

 टेम्पोतून तात्या ओरडला, "तिनं डोकं फिरेल शे, वाद घालू नको. सकाय येसूत." टेम्पो गेला.

मी आत आले. मोतीबाईला रक्ताची बाटली लावली होती. माझ्याकडे बघून तिनं तिच्या बोलीत काहीतरी विचारलं. मला शब्द कळले नाहीत, मी मान हलवली. वॉचमन वॉर्ड रिकामा करत आला, त्यानं मला ओळखलं आणि जरा लांबच थांबला.

"माय, तुमना पेशंट ते व्हई गया ना? आते कोनाकरता थांबन्यात?"

"मोतीबाईकरता. सकाय तिनं ऑपरेशन शे."

"ती कोन लागस तुमनी?"

"ते नंतर सांगसू," मी म्हटलं. "तिनं व्हत नही तवपावत हाऊ बेड कोनले हालाडू देनार नही, इतलं तुन्हा मॅनेजरले सांग."

आणि एक खुर्ची ओढून मी मोतीबाईच्या खाटेला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसले.